कार्बवाल्या क्रूझरचा व्हॅक्यूम पंप काढून नुसत्या ग्रॅव्हिटीवर पेट्रोल: चालेल का?

इंदूरी_सिलिंडर
राम राम मंडळी. अडीचशे सीसीची व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर) क्रूझर आहे माझ्याकडे, दोन कार्बवाली, म्हणजे कार्बोरेटरवाली, सेकंडहँड. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद "ती घेतलीसच कशाला" यावरच जातील. तर या गाडीत टाकी आणि कार्बच्या मध्ये एक छोटा व्हॅक्यूम पंप आहे. करंट-बिरंट काही नाही, इंजिन हवा ओढतं त्या झटक्यांवर आतला पडदा वरखाली होतो नि पेट्रोल पुढे ढकललं जातं.

हल्ली काय होतं, गावात राजवाडा-पलासिया कितीही फिरा काही त्रास नाही, पण राऊच्या पुढे हायवेला जरा थ्रॉटल धरून ठेवला की आधी मिसिंग, मग दमच टाकते, बाजूला घेऊन थोडं थांबलं की परत शहाण्यासारखी चालू. पंप खोलला तर डायफ्रामला, म्हणजे त्या पडद्यालाच, चीर. आमचा मिस्त्री म्हणतो, भिया फेकून द्या तो पंप, टाकीतून सरळ नळी कार्बला जोडून देतो, दुनियेतल्या सगळ्या गाड्या अशाच चालतात. पटतंय पण आणि नाही पण. कंपनीने उगाच तर नसेल ना पंप बसवला? कुणी केलंय का असं? मला अधूनमधून जाम गेटला जायचं असतं, घाटात बंद पडणारी गाडी नको.

बडोद्याचा_बंड्या
पंप बदल, विषय संपव. तीन नळ्यांचे व्हॅक्यूम पंप ऑनलाइन ढिगाने मिळतात, एक इन, एक आउट, एक व्हॅक्यूम. तासाभराचं काम. जुगाडाची एवढी हौस कशाला?

वाचनमात्र_तरी_बोलणार
इंदूरात जुगाड नाही करायचा तर रविवारी करायचं काय?

राऊचे_काका
सिलिंडरराव, आधी एक काम करा, मग बाकीच्या गप्पा. ऑइलचं झाकण उघडून वास घ्या आणि लेव्हल बघा. डायफ्राम फाटला की पेट्रोल कार्बकडे जायच्या ऐवजी व्हॅक्यूमच्या नळीने मॅनिफोल्डमध्ये (कार्ब आणि सिलिंडरच्या मधल्या नळीत) ओढलं जातं, तिथून सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये. ऑइल पातळ झालं की बेअरिंगं जातात, आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट. वास आला तर गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नेऊ नका.

आता मूळ प्रश्न. तुमचा मिस्त्री अर्धं बरोबर सांगतोय. आपल्याकडच्या बहुतेक कार्बवाल्या गाड्या ग्रॅव्हिटीवरच चालल्या, आरएक्स १०० घ्या, जुनी बुलेट घ्या, स्प्लेंडर घ्या. पण त्यांची टाकी कार्बच्या चांगली वर असते आणि कार्बसुद्धा त्याच हिशोबाने बनवलेला असतो. पंपवाल्या गाडीचा कार्ब वेगळा. कार्बच्या बोलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, पेट्रोल भरलं की फ्लोट तरंगत वर येतो आणि सुई बंद करतो. त्या सुईच्या वर जी पितळी सीट असते ना, तिचं भोक पंपवाल्यात लहान ठेवतात, कारण मागून पंप रेटतोय, भोक मोठं असतं तर त्या रेट्यापुढे सुई बसलीच नसती आणि कार्ब ओव्हर झाला असता, म्हणजे उतू गेला असता. ग्रॅव्हिटीवाल्यात रेटा जवळजवळ नसतोच म्हणून भोक मोठं. पंप काढलात आणि सीट तीच ठेवलीत तर गावात झकास चालेल आणि हायवेला आज होतंय तेच परत होईल, मग तुम्ही त्या मिस्त्रीला शिव्या द्याल नि मिस्त्री गाडीला.

सीटवर बारीक आकडा कोरलेला असतो, भिंग घेऊन वाचा आणि इथे टाका. आणि टाकीच्या बुडापासून कार्बला नळी लागते तिथपर्यंत उभं अंतर मोजा. नळीची लांबी नव्हे, उभं अंतर.

इंदूरी_सिलिंडर
काका, ऑइलला वास येतोय. चांगलाच. लेव्हल पण वरच्या खुणेच्या वर. गाडी उभी केली, ऑइल काढून टाकतो.

सीटवर १.५ लिहिलंय, दोन्ही कार्बांवर सारखंच. उभं अंतर टाकी अगदी तळाला आल्यावर ११ सेंटीमीटर. भरलेली असली तर त्यात अजून १५-१६ मिळतात. टाकीला कॉक नाहीच, नुसती तोटी आहे.

स्पॅनर_ताई
११ सेंमी! क्रूझरचं हेच दुखणं, टाकी बसकी हवी म्हणजे दिसायला छान, आणि कार्ब दोन सिलिंडरांच्या मध्ये पार वर जाऊन बसलेले. म्हणूनच पंप दिला असणार.

चला हिशोब मांडू. गाडी साधारण २७ हॉर्सपॉवरची धरते. पूर्ण थ्रॉटलला अशा इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे सहा ते पावणेसात किलो. लिटरचं वजन ७४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तासाला आठ ते नऊ लिटर, म्हणजे मिनिटाला १४० ते १५० मिली. त्यात आता पेट्रोल पंपावर सगळीकडे ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे तेवढंच काम करायला सहा-सात टक्के जास्त लागणार. १६० धरून चाल.

दाबाचं बघ. ११ सेंमी पेट्रोलचा दाब होतो ०.१२ पीएसआयच्या आत. पंपाने २ पीएसआय दिला असं धरलं तर तेवढ्यासाठी टाकी कार्बच्या १.९ मीटर वर पाहिजे, म्हणजे गाडी चालवताना टाकी डोक्यावर घेऊन बसावं लागेल.

आता दीड मिलिमीटरचं भोक आणि ११ सेंमी उंची, कागदावर एका सीटमधून मिनिटाला ९०-९५ मिली येतं, दोन कार्ब म्हणजे १८५ ते १९०. म्हणजे कागदावर पुरतं, पण सुई भोकासमोरून पूर्ण बाजूला कधीच होत नाही, ती तिथेच लटकलेली असते, शिवाय नळी, टी-जॉइंट, फिल्टर सगळे आपापली दलाली घेतात. २.० चं भोक केलं तर क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट होतं. माझं मत विचारशील तर आधी मोज, मग खर्च कर.

बडोद्याचा_बंड्या
ताई हिशोब मान्य. पण एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. पंप असतो तोपर्यंत इंजिन बंद झालं की पेट्रोल बंद. ग्रॅव्हिटी केलीत की टाकीचं पेट्रोल रात्रंदिवस सुईवर बसलेलं. सुईच्या टोकाला जरा कचरा अडकला की रात्रभर ठिबकणार, बोल भरून सिलिंडरमध्ये जाणार, सकाळी सेल्फ मारला की पिस्टन पेट्रोलवर आपटणार. पेट्रोल दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि याच्या टाकीला कॉकसुद्धा नाही म्हणतोय.

राऊचे_काका
बंडोपंत, हे लाखमोलाचं बोललात. कॉक लागणारच. ऑन-ऑफ-रिझर्व्हचा साधा हाताचा कॉक बसवा आणि गाडी लावली की ऑफ करायची सवय लावा, आमच्या पिढीने आयुष्यभर केलंय. सवय होणार नसेल तर व्हॅक्यूमवर उघडणारा कॉक घ्या, इंजिन बंद झालं की आपोआप बंद होतो, पण त्यातही डायफ्रामच असतो, म्हणजे फिरून तेच. मी असतो तर हाताचाच घेतला असता. पीथमपूरला स्कूटरच्या कारखान्यात होतो, डायफ्राम या वस्तूवर माझा विश्वास नाही.

टाकीला कॉक बसवायची जागा असेल तर दोन बोल्टांमधलं अंतर मोजा, ३४ आणि ४४ मिलिमीटर दोन्ही दिसतात. दुकानात टाकी घेऊन जाण्यापेक्षा पुठ्ठ्यावर ठसा घेऊन जा.

पंप काढल्यावर मॅनिफोल्डवर व्हॅक्यूमची निप्पल उघडी राहते, ती बंद करायची. रबरी टोपी आणि वर क्लिप. एमसील फासू नका, उष्णतेने सुटतं. ती उघडी राहिली तर तिथून हवा ओढली जाते, आयडल वर चढतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके, आणि त्या बाजूचा प्लग पांढरा पडतो. लोक मग कार्बमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसतात.

वाचनमात्र_तरी_बोलणार
फटाके वाजले तर इंदूरात लोक मुद्दाम पैसे देऊन करून घेतात काका.

देवासची_दुचाकी
कायद्याचं काय? आरटीओ पकडेल का?

स्पॅनर_ताई
इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, रंग यातलं काहीच बदलत नाही आणि आरसीवर पंपाचा उल्लेख नसतो. पेट्रोल गळत असलं तर आरटीओच्या आधी दुसरंच काहीतरी पकडेल.

इंदूरी_सिलिंडर
मोजायचं कसं ते नीट सांगा ना. टाकीतून नळी काढून बाटलीत सोडायचं का?

स्पॅनर_ताई
नाही, त्याने फक्त टाकी आणि नळी कळेल, अडचण तर सीटमध्ये आहे. सगळं जोडलेलं ठेव. टाकीत रिझर्व्हपुरतंच पेट्रोल ठेव, कारण वाईटात वाईट काय ते बघायचंय. दोन्ही फ्लोट बोलच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो, त्याच्या निप्पलला नळी लाव, खाली मापाचं स्टीलचं भांडं, आणि दोन्ही स्क्रू एकदम उघड. बोल रिकामा होईल, फ्लोट खाली पडेल, सुई पूर्ण उघडेल. पहिला लोट सोडून दे, तो बोलमधला साठा असतो. धार एकसारखी झाली की एक मिनिट मोज. हे मोकळ्या अंगणात, इंजिन गार, बॅटरीची वायर काढून. जिन्याखाली नाही, गॅलरीत तर नाहीच नाही.

राऊचे_काका
आणि मोजण्याआधी नळीचा रस्ता बघा. टाकीपासून कार्बपर्यंत नळी सतत खाली उतरत गेली पाहिजे, मध्ये कुठे वर चढून परत खाली आली की त्या उंचवट्यावर हवेचा बुडबुडा अडकतो. पंप तो बुडबुडा ढकलून देतो, ११ सेंमीची उंची नाही ढकलू शकत. फिल्टर कागदी असेल तर काढा, कागदी फिल्टर रेट्याने येणाऱ्या पेट्रोलसाठी ठीक, ग्रॅव्हिटीला बारीक जाळीचा घ्या. नळी आतून ६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि ई२० सोसणारी घ्या, नळीवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. साधी काळी रबरी नळी आतून फुगते, तिचे काळे कण सुटतात आणि बरोब्बर सुईच्या टोकाला जाऊन बसतात, मग बंडोपंतांची भविष्यवाणी खरी.

बडोद्याचा_बंड्या
धन्यवाद काका, पण मी अजून पंपाच्याच बाजूने आहे, नोंद असावी.

इंदूरी_सिलिंडर
मोजलं. आधी फक्त पंप काढून टाकीला कॉक लावला आणि जुन्याच नळ्या-फिल्टर ठेवून बघितलं, दोन्ही कार्ब मिळून मिनिटाला ९५ मिली. फिल्टर पारदर्शक आहे म्हणून दिसत होतं, वरच्या अर्ध्या भागात हवाच, पेट्रोल खालून नुसतं सरपटत जात होतं. नळी जुन्या पंपाच्या ब्रॅकेटवरून जायची तिथे एक उंटाचं मदार झालं होतं ते काढलं, सियागंजातून आर९ ची नळी आणली, जाळीचा फिल्टर उभा बसवला. १२५. ताईंच्या १६० च्या अजून खाली.

स्पॅनर_ताई
बघ, म्हणजे गावात चाललीच असती. ६०-७० च्या स्पीडला मिनिटाला ३५-४० मिलीसुद्धा लागत नाही. आणि मिस्त्री म्हणाला असता झालं काम. अजून एक, टाकीचं झाकण उघडून एकदा मोज. आकडा वाढला तर झाकणाचा श्वास कोंडलाय. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीतच व्हॅक्यूम होतो आणि ११ सेंमीचा जो काही दाब आहे तो तो खाऊन टाकतो.

इंदूरी_सिलिंडर
झाकण उघडून पण १२५ च. म्हणजे झाकण निर्दोष. सीट बदलायला घेतो. २.० ची मिळते का बघतो.

राऊचे_काका
सीट आणि सुई जोडीनेच घ्या, जुनी सुई नव्या सीटवर बसवू नका, तिच्या टोकाला जुन्या भोकाची चाकोरी पडलेली असते. सुईचं टोक व्हायटॉनचं (एक प्रकारचं रबर) असेल तर उत्तम, ई२० ला टिकतं. ड्रिल घेऊन जुनी सीट मोठी करायचा सल्ला कुणी देईल, त्याला चहा पाजून परत पाठवा, बसायची कड खरबडीत झाली की ती सीट जन्मभर गळते.

आणि हे बहुतेक जण विसरतात. सीट बदलल्यावर फ्लोटची लेव्हल परत बघायची. पंपाचा दोन पीएसआयचा रेटा सुईला वरून दाबत होता, म्हणून फ्लोटला जास्त वर येऊन ती बंद करावी लागत होती. आता भोक मोठं झालं तरी रेटा इतका कमी झालाय की सुई आधीच बंद होते आणि बोलमधलं पेट्रोल किंचित खाली थांबतं. लेव्हल खाली गेली की मिक्श्चर पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, गाडी गरम चालते. ड्रेनला पारदर्शक नळी लावा, ती यूसारखी वर वळवून कार्बच्या अंगाला धरा, स्क्रू उघडा, नळीत पेट्रोल जिथे थांबेल ती आतली लेव्हल. दोन्ही कार्बांची सारखी पाहिजे. खाली असेल तर फ्लोटची पितळी जीभ केसभर वाकवा. केसभर म्हणजे केसभर.

बडोद्याचा_बंड्या
विजेवर चालणारा कमी दाबाचा पंप लावायचा की मग, दोन-अडीच पीएसआयचा. सीट जुनीच राहते, फ्लोट जुनाच राहतो.

राऊचे_काका
लावता येतो की. पण त्याला रिले पाहिजे, फ्यूज पाहिजे, आणि गाडी आडवी पडून इंजिन बंद झालं तर पंप बंद करणारं काहीतरी पाहिजे, नाहीतर पडलेल्या गाडीवर पेट्रोल ओतत राहील. टाकी खालीच असती तर मीही तेच सांगितलं असतं. इथे ११ सेंमी मिळतायत, ते वापरा.

इंदूरी_सिलिंडर
अपडेट. २.० ची सीट-सुई बसवली. मिनिटाला २२० मिली, रिझर्व्हवर. लेव्हल खरंच खाली आली होती, दोन्ही बाजूंना दीडेक मिलिमीटर, मागच्या कार्बची जरा जास्त. जीभ वाकवली, परत मोजली, मागची अंमळ जास्त वाकली म्हणून परत उलटी, असं करत संध्याकाळ गेली. आईने विचारलं पेट्रोलचा वास येतोय, दिवा लावू का नको देवापुढे. नको म्हटलं.

मग महू, तिथून मंडलेश्वरच्या रस्त्याने जाम गेट. मुद्दाम अर्ध्याच्या खाली टाकी ठेवून गेलो. सरळ रस्त्याला जिथे आधी मिसिंग यायचं तिथे थ्रॉटल तसाच धरून ठेवला, काही नाही, एकसारखी ओढते. घाटात चढताना तर उलट बरंच वाटलं, टाकी मागे कलते आणि तोटी मागेच आहे. उतरताना मात्र रिझर्व्हच्या जवळ आल्यावर एकदा झटका दिला. पेट्रोल पुढे जाऊन बसलं असणार. प्लग काढून बघितले, दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे मिक्श्चर बरोबर.

एक तोटा सांगतो. आधी टाकी पार कोरडी होईपर्यंत चालायची, आता टाकीत हलवलं की डुचमळतंय तरी गाडी बंद.

स्पॅनर_ताई
टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसते ना, दोन बाजूंना दोन कप्पे. तोटी एकाच बाजूला, दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल मधल्या फुगवट्याच्या खाली गेलं की तिकडेच अडकतं. पंप असताना कंपनीने बहुतेक खालून जोडनळी दिली असेल, बघ.

इंदूरी_सिलिंडर
आहे! खाली आडवी बारीक नळी आहे आणि ती चेपलेली आहे. आर९ चा तुकडा उरलाय, तोच घालतो.

राऊचे_काका
दोन्हीकडे क्लिपा नव्या घाला. आणि ऑइलचा वास अधूनमधून घेत जा.

बडोद्याचा_बंड्या
अभिनंदन सिलिंडर. सीट, सुई, कॉक, फिल्टर, नळी, क्लिपा, ऑइल, एवढ्यात दोन पंप आले असते.

इंदूरी_सिलिंडर
ऑइल तर फाटक्या पंपामुळे बदललं बंड्या, ते तुझ्या खात्यात धर. आणि नवा पंप पण रबराचाच, ई२० त्यालाही तेच करणार.

ग्वाल्हेरी_फटफट
धागा उशिरा वाचला. माझ्या काकांनी बाहेरून आणलेली यामाहाची व्हिरागो ५३५ आहे, ती पण पंपाची, विजेवरच्या. पंप टकटक करतो पण पेट्रोल देत नाही. मी पण हेच करू का? सीटचं माप कुणी सांगेल का?

राऊचे_काका
५३५ ला करू नका. तिच्या बऱ्याच मॉडेलांत मुख्य टाकी बसायच्या सीटखाली असते, कार्बच्या खाली. वरची दिसते ती छोटी. कार्बमधली सीट कितीही मोठी केलीत तरी पेट्रोल वर चढणार नाही. वरच्या टाकीवरच चालवायची असेल तर निघेल, पण मग पेट्रोल पंपावरच राहायला जावं लागेल. तुमच्यात पंपच दुरुस्त करायचा. टकटक करतोय म्हणजे करंट मिळतोय, आधी पंपाच्या आधीचा फिल्टर काढून बघा, मग आउटची नळी काढून डब्यात धरा आणि किती येतं ते मोजा.

ग्वाल्हेरी_फटफट
फिल्टर सीटखाली डाव्या बाजूला आहे तोच ना?

स्पॅनर_ताई
फोटो टाक, वेगळा धागा काढून. आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय नळीला हात लावू नकोस, मोजायच्या वेळीच परत जोड.